वहिनीचा सबवूफर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. ही माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडलेली गोष्ट आहे. ते घर आजही तिथेच आहे आणि परवाच मी तिथे चहा पिऊन आले.

आणखी एक आधीच सांगते. यात रात्र नाही. अंधार नाही. लाइटही जात नाहीत. जे झालं ते भर दुपारी झालं, खिडक्या सताड उघड्या आणि रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू असताना.

म्हणून तर मला त्याची जास्त भीती वाटते.

माझ्या मोठ्या भावाला सगळे अण्णाच म्हणतात. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतो. हात सोन्याचे, पण स्वभावाने अगदी भाबडा. कोणी काही सांगितलं की ते जसंच्या तसं खरं मानायचं, हा त्याचा जुना आजार. डॉक्टर 'भरपूर पाणी प्या' म्हणाले, तर हा माणूस बाटली उशाशी घेऊन झोपतो आणि मध्ये उठून पितो.

वहिनी त्याच्या उलट. चटपटीत, बोलकी, सारखी कोणाची तरी फिरकी घेणारी. घरीच मुलींना नाच शिकवायची. दुपारी शाळा सुटली की मुली यायच्या, सोफा भिंतीला सरकवला जायचा, कपाटाशेजारचा जुना स्टिरिओ लागायचा आणि दोन तास त्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नसायची.

मग वहिनीला ताप आला. साधा नव्हता. तापातून वाचली, पण कान गेले. दोन्ही.

डॉक्टरांनी हात टेकले. मशीन लावून बघितलं, उपयोग शून्य.

सुरुवातीला तिने थट्टाच केली. "बरं झालं, यांचं घोरणं बंद झालं," असं ती मला सांगायची, जरा मोठ्याने, कारण स्वतःचा आवाजही तिला कळत नव्हता. क्लासही चालू ठेवून बघितला. मुलींच्या पायांकडे बघून ताल धरायची. एक दिवस ती चुकली आणि दोन मुली हसल्या. हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं.

त्या संध्याकाळी तिने सोफा ओढून खोलीच्या मधोमध आणला.

त्यानंतर वहिनी बोलायची थांबली. मग जेवायची थांबली. दोन घास खायचे, ताट सारायचं, सोफ्यावर बसून भिंतीकडे बघायचं. अण्णा मोबाइलवर काहीतरी लिहून तिला दाखवायचा. ती वाचायची आणि मोबाइल परत द्यायची. बस.

एक दिवस तो दुकानातून आला, तर ती गॅलरीच्या कठड्याला धरून खाली बघत उभी होती. किती वेळ, कोण जाणे. त्याने खांद्यावर हात ठेवला. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "मी पडले तर मला माझा आवाजही येणार नाही."

अण्णाने गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि मला फोन केला. फोनवर तो रडत होता. माझ्या भावाला रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच सुमारास दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं की बहिऱ्या माणसांना गाण्याचा ठोका अंगाला जाणवतो. त्यासाठी सबवूफर लागतो. सबवूफर म्हणजे फक्त जाड, खालचे आवाज काढणारा मोठा डबा.

बुडत्या माणसाने काय धरावं याला काही नियम नसतो. अण्णाने तो डबा धरला.

एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे तसा एक पडून होता. जाहिरात वाचून अण्णा तिथे गेला. काळा, गुडघ्याएवढा, पुढे जाळीचं कापड. गृहस्थांनी पुसून दिला. म्हणाले, "याचा आवाज कानाला येत नाही, अंगाला येतो." अण्णाने ते मनात पक्कं लिहून ठेवलं.

अण्णा डबा उचलायला लागला तेव्हा गृहस्थांनी त्यावर हात ठेवला... आणि बराच वेळ काढलाच नाही.

रविवारची दुपार होती. अण्णा स्टिरिओच्या मागे जमिनीवर आडवा पडला. मागे भोकंच भोकं. प्रत्येकाखाली मुंगीएवढी अक्षरं, त्यातली अर्धी पुसलेली. आख्ख्या गावाला चष्मे लावणाऱ्या या माणसाला त्या दिवशी स्वतःचा चष्मा सापडत नव्हता. त्याने बोटाने चाचपून जिथे पिन घट्ट बसली तिथे वायर खुपसली. डब्याचा प्लग बोर्डात लावताच हिरवा दिवा लागला.

झालं काम, असं त्याला वाटलं.

त्याने गाणं लावलं. दोन्ही जुने स्पीकर वाजायला लागले. डब्यातून काहीच ऐकू येईना. बरोबरच आहे, तो मनात म्हणाला, कानाला येतच नाही. वर हात ठेवून बघितला. थोडं थरथरल्यासारखं वाटलं. स्पीकर वाजत असताना त्या खोलीत कशावरही हात ठेवला असता तरी तेवढं थरथरलंच असतं, पण हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

मग त्याने वहिनीला हाताला धरून आणलं. तिचा तळवा डब्यावर ठेवला.

काही नाही.

ती त्याच्याकडे बघत राहिली. अण्णाने मान खाली घातली.

आणि मग...

तिचं एक बोट हललं. मग दुसरं. मग पायाचा अंगठा जमिनीवर टेकला, उचलला, पुन्हा टेकला.

"कोण वाजवतंय?" वहिनीने विचारलं.

कितीतरी दिवसांनी ती आपणहून काही बोलली होती. काय बोलली याकडे अण्णाचं लक्षच गेलं नाही. तो नुसता मान डोलवत राहिला.

घराचं रूप पालटलं. सोफा परत भिंतीला गेला. वहिनी जेवायला लागली, मला मोबाइलवर टोमणे पाठवायला लागली. मुली परत आल्या. वहिनी डब्याला टाच टेकवून उभी राहायची आणि तालात एक चूक नाही. अण्णाच्या जिवात जीव आला. मीही सुटकेचा श्वास टाकला.

एक दिवस तो घरी विसरलेला जेवणाचा डबा न्यायला दुपारी अवेळी आला.

वहिनी नाचत होती. एकटी. डोळे मिटून, घामाने भिजून.

घरात कसलाच आवाज नव्हता. फक्त तिच्या पायांचा.

अण्णा स्टिरिओपाशी गेला...

तो बंद होता. बटण बंद, दिवा बंद.

त्याने मोबाइलवर लिहिलं, 'कुठलं गाणं?' ती हसली. म्हणाली, "तुम्हीच तर लावून गेलात सकाळी."

अंगात भिनलेला ताल असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती हसत होती. हसणाऱ्या बायकोला कोण थांबवेल?

मग खालच्या काकूंनी त्याला जिन्यात गाठलं. या काकू बरोबर त्यांच्या खालच्याच घरात एकट्या राहतात. इतकी वर्षं मुलींची धडधड डोक्यावर सोसली, कधी तक्रार केली नाही.

"अण्णा, राग मानू नकोस," त्या म्हणाल्या. "क्लास चालू झाला, मला आनंदच आहे. पण दुपारी क्लासच्या आधी तुझ्या घरात कोण येतं?"

"कोणी नाही, काकू. ती एकटीच असते."

"तिचं पाऊल मी झोपेतही ओळखेन. दुसरं कोणाचं तरी असतं. जड. ती नाचते आणि ते नुसतं एका जागी ठोके देतं."

"नवीन डबा आणलाय ना, त्याचा आवाज असेल."

काकूंना ते पटलं. अण्णाला मात्र जिना चढवेना.

शेवटी उलगडा केला तो एका मुलीच्या वडिलांनी. समारंभांना स्पीकर लावायचा त्यांचा धंदा, म्हणून त्यांना सगळे साउंडवालेच म्हणतात. मुलीला सोडायला आले आणि सवयीने स्टिरिओच्या मागे डोकावले.

"अण्णा, ही वायर कोणी लावली?"

"मी. का?"

"हे बाहेरून आवाज आत घ्यायचं भोक आहे. डब्याची वायर शेजारच्यात लावायची. तुमच्या डब्यात काही जातच नाहीये." मग ते हसले. "म्हणजे आणल्यापासून हा डबा मुकाच आहे की. दिवा तेवढा जळतोय."

समोर वहिनी डब्याला टाच टेकवून उभी होती, एकही चूक न करता.

साउंडवाल्यांनी चांगुलपणाने वायर काढली आणि शेजारच्या भोकात लावली. गाणं लावलं.

धम्म.

खिडकीच्या काचा थरारल्या. मुली ओरडल्या. इतका दणका की अण्णाच्या छातीत बसला. हा खरा सबवूफर.

वहिनीने चटका बसावा तसा पाय काढून घेतला. खाली वाकली. दोन्ही तळवे डब्यावर ठेवले. मग एक कान लावला, बहिरा कान. आणि अण्णाकडे बघून म्हणाली,

"यात कोणी नाहीये."

साउंडवाले गोंधळले. मुलीला घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सोफा मधोमध ओढला. अण्णाने तिच्या हातापाया पडून समजावलं, लिहून लिहून त्याची बोटं दुखली. हा खरा आवाज आहे, आधीचा नव्हता. ती म्हणाली, "मला ठोका कळतो. पण तो कोणाचाच नाही."

आणि पुन्हा गॅलरीच्या दारापाशी जाऊन त्या कुलपाकडे बघत उभी राहिली.

मग अण्णाने ते केलं जे शहाणा माणूस करणार नाही. वायर ओढून काढली आणि पुन्हा त्याच चुकीच्या भोकात खुपसली. चुकून नाही, चष्मा लावून, नीट बघून.

काहीच झालं नाही. वहिनी त्या डब्याला गाल लावून तासन् तास जमिनीवर पडून राहायची. उठवलं की पुन्हा तिथेच.

अण्णा त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे धावला. दार अर्धवट उघडून त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे तो कधी वाजलाच नाही. ज्याने हौसेने आणला, त्याला जोडायला वेळच मिळाला नाही." आणि दार लावून घेतलं. अण्णाने पुन्हा बेल वाजवली नाही. त्या माणसाचा चेहराच तसा होता म्हणे.

घरी परतताना त्याच्या डोक्यात एक वेडी गोष्ट आली. तो थेट काकूंच्या दारात उभा राहिला.

"काकू, तुमचं छत मला थोडं बडवू द्या."

काकूंनी आधी त्याला बसवलं, पाणी दिलं. सगळं ऐकलं. मग उठल्या आणि फरशी पुसायच्या काठीला जुना टॉवेल गुंडाळून ती त्याच्या हातात दिली.

तेव्हापासून रोज दुपारी अण्णा दुकानातून सुट्टी मागून यायचा. आधी वर घरी जायचाच नाही. काकूंच्या खोलीत स्टुलावर चढायचा आणि बरोबर डब्याच्या खाली, छताला काठीने ठोके द्यायचा. माझ्या भावाला तालाचं अंग काडीचं नाही. काकू खाली खुर्चीत बसून त्याला मोजून द्यायच्या. "एक, दोन, तीन, चार... अरे, थांबलास का? एक, दोन..." बाहेरून कोणी बघितलं असतं तर दोघांनाही वेड्यात काढलं असतं.

पहिल्या दिवशी तो वर गेला, तर वहिनीने अर्धं ताट संपवलं होतं.

"आज आलं," ती म्हणाली.

अण्णा बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि रडून घेतलं.

हळूहळू वहिनी सावरली. अण्णाचे खांदे मात्र भरून आले. दुकानात काच हातातून सुटायची, तो मालकाची बोलणी खायचा. तरी एक दुपार चुकवली नाही. मध्ये काकू मुलीकडे राहायला गेल्या, तर किल्ली त्याला देऊन गेल्या. "छत पाडू नकोस म्हणजे मिळवली," एवढंच म्हणाल्या.

आता काकूंच्या रिकाम्या घरात तो एकटाच ठोके द्यायचा. एक, दोन, तीन, चार. स्वतःच मोजत.

एका दुपारी त्याचा हात अगदीच भरून आला. त्याने काठी खाली घेतली. दम खाल्ला.

आणि...

ठोके चालूच होते.

एक. दोन. तीन. चार.

काठी त्याच्या हातात होती. तिचं टोक त्याच्या गुडघ्यापाशी होतं. आणि छताला, बरोबर त्याच्या काठीने पडलेल्या डागाशेजारी, कोणीतरी खालून ठोकत होतं. प्रत्येक ठोक्याला चुन्याची भुकटी त्याच्या तोंडावर पडत होती.

वरून वहिनीचं पाऊल उत्तर देत होतं.

अण्णा स्टुलावरून कसा उतरला, दार कसं ओढलं, त्याला आठवत नाही. धापा टाकत तो वर पोहोचला. वहिनी नाचत होती. त्याला बघून थांबली. त्याच्या केसांतली भुकटी तिने हाताने झटकली, पाणी दिलं आणि शेजारी बसली.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा हात मी पहिल्याच दिवशी ओळखला."

अण्णाने नुसते ओठ हलवून विचारलं, मग बोलली का नाहीस?

"काय बोलायचं? माझ्यासाठी तुम्ही लोकांचं छत बडवत होता. म्हटलं, आता जेवायला पाहिजे."

तिने त्याचा हात हातात घेतला. तिचा हात गार होता.

"पण दोन-चार दिवस झाले, तो परत आलाय. आता डब्यातून येत नाही. तुमच्या हाताच्या मागून येतो. खालून कसं वाजवायचं ते तुमचं बघून शिकला असावा."

अण्णाने पाय जमिनीवरून वर उचलून घेतले.

"तुम्ही आता खाली जाऊ नका," वहिनी अगदी मायेने म्हणाली. "तुमचा ताल चुकतो. त्याला ते आवडत नाही."

दुसऱ्या दिवशी अण्णा काकूंच्या घरात शिरला नाही. बाहेरूनच कुलूप लावून ते दोनदा ओढून बघितलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि वर येऊन सोफ्यावर बसला. सबवूफरची वायर आणि प्लग काढून गुंडाळून ठेवले. दिवाही विझला.

वहिनी खोलीच्या मधोमध उभी राहिली. वाट बघत.

रस्त्यावर हॉर्न वाजत होते. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

मग अण्णाच्या तळपायांना कळलं...

एक. दोन. तीन. चार.

आणि त्याची बायको हसून नाचायला लागली.

हे सगळं त्याने मला परवा सांगितलं. मी गेले तेव्हा क्लास चालू होता. वहिनी छान दिसत होती, अंगाने भरली होती. मला म्हणाली, "काय गं, वाळलीस किती. कोणी जेवायला घालत नाही का?" मुली रांगेत उभ्या होत्या. स्टिरिओ चालू होता. डबा कोपऱ्यात होता, त्याला एकही वायर नव्हती.

माझ्या हातातल्या कपात चहा हलत होता. गाण्याच्या तालात नाही. वेगळ्याच.

मी अण्णाला स्वयंपाकघरात ओढलं. त्याच्या शर्टाच्या खिशात किल्ली दिसत होती. मी म्हटलं, "अरे, किल्ली तुझ्याकडे आहे. कोणी नाठाळ माणूस शिरला असेल. कुलूप उघडून एकदा बघत का नाहीस?"

तो ओट्याला टेकून उभा होता. खूप थकलेला दिसला. बाहेरच्या खोलीतून वहिनीचा आवाज येत होता, मुलींना रागावणारा, पूर्वीसारखा.

"आणि बघितल्यावर ठोके थांबले तर?" अण्णा म्हणाला.



शनिवारी काकू परत येतायत. त्यांचा फोन आला होता. अण्णाने त्यांना अजून थोडे दिवस राहा म्हणून परोपरीने विनवलं, पण त्या ऐकायला तयार नाहीत. किल्ली घ्यायला वर येतील आणि स्वतःचं दार उघडतील. अण्णाने हे वहिनीला सांगितलेलं नाही. मला मात्र सांगून मोकळा झाला, आणि आता शनिवारपर्यंतचे दिवस मी मोजतेय.